हातोडा पडल्यावर पैसे कुणाकडे किती जातात? चित्रांच्या लिलावातलं कमिशन आणि हमी

३१ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत, पंडोल्सच्या लिलावात सय्यद हैदर रझा यांचं ‘जेस्टेशन’ हे चित्र ५१.७५ कोटी रुपयांना गेलं. भारतीय चित्राला तोवर लिलावात मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. विक्रम जेमतेम पंधरवडा टिकला. १६ सप्टेंबरला दिल्लीत, सॅफ्रनआर्टच्या लिलावात अमृता शेरगिल यांच्या ‘द स्टोरी टेलर’ला ६१.८ कोटी मिळाले. दोन्ही आकडे बातम्यांत शेजारी शेजारी आले आणि वाचणाऱ्याला फरक दिसला दहा कोटींचा.

बोलीतला फरक मात्र साडेसहा कोटींचाच होता. रझांच्या चित्रावर हातोडा पडला तो ४५ कोटींवर आणि शेरगिलच्या चित्रावर ५१.५ कोटींवर. त्यावर पंडोल्सने खरेदीदाराकडून १५ टक्के घेतले, म्हणजे पावणेसात कोटी. सॅफ्रनआर्टने २० टक्के घेतले, म्हणजे १० कोटी ३० लाख. बातमीत छापला जाणारा आकडा हा असा हातोडा आणि कमिशन मिळून झालेला असतो. विकणाऱ्याच्या खात्यात तेवढी रक्कम कधीच जमा होत नाही. तिथे बोलीपेक्षा कमी रक्कम येते, आणि विकणारा पुरेसा तालेवार असेल तर कधीकधी बोलीपेक्षा जास्तही येते. हे कसं घडतं ते कळलं नाही तर लिलावाच्या बातम्यांमधून फार थोडं हाती लागतं. आणि घरात आजोबांची दोन कॅनव्हास असलेल्या माणसाला ते कळणं तर फारच गरजेचं आहे.

दोन्ही बाजूंनी कमिशन

लिलावगृह चित्र स्वतः विकत घेत नाही. मालकाच्या वतीने ते विकून देतं आणि दोघांकडून कमिशन घेतं. विकणाऱ्याकडून घेतात ते सेलर्स कमिशन, हे बोलीच्या रकमेतून वजा होतं. खरेदीदाराकडून घेतात ते बायर्स प्रीमियम, हे बोलीच्या रकमेवर चढतं. आपल्याकडे प्रीमियमवर जीएसटीही लागतो, पण कराचा विषय इथे बाजूला ठेवतो.

खरेदीदाराकडून कमिशन घेण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची. सदबीज १७४४ मध्ये सुरू झालं, ख्रिस्तीज १७६६ मध्ये. दोन्ही लंडनची लिलावगृहं. पुढे दोनशे वर्षं त्यांची कमाई मुख्यतः विकणाऱ्याकडून येत होती. १९७५ मध्ये दोघांनी लंडनमध्ये खरेदीदारावर १० टक्के प्रीमियम लावला. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण प्रीमियम राहिला आणि वाढतच गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सदबीजने लावलेला दर असा होता: बोलीच्या पहिल्या २० लाख डॉलरवर २७ टक्के, त्यापुढे ८० लाखांपर्यंत २२ टक्के आणि त्याच्या वरच्या रकमेवर १५ टक्के.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटायला नको. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. त्या वेळी जो प्रश्न यार्डात विचारला गेला तोच चित्रांनाही लागू आहे: आडत खरेदीदाराने भरली म्हणजे ती खरोखर त्याच्या खिशातून गेली का? चित्र घेणारा सगळा हिशेब मनात करूनच हॉलमध्ये बसतो. त्याची ऐपत सव्वा कोटीची असेल आणि प्रीमियम २५ टक्के असेल तर तो एक कोटीवर हात खाली घेतो. प्रीमियम नसता तर त्याने सव्वा कोटीपर्यंत बोली लावली असती. पावती खरेदीदाराच्या नावाने फाटते, तरी प्रीमियमचा बराचसा भार चित्राच्या मालकावरच पडतो. माझ्या मते या धंद्यातली ही सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट आहे. “आम्ही तुमच्याकडून शून्य कमिशन घेतो” असं लिलावगृह सांगतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतं. पण चित्रासाठी निघालेल्या एकूण पैशातला किती भाग लिलावगृहाकडे राहणार, हे त्यातून कळत नाही.

दर छापलेला, सौदा वेगळा

खरेदीदाराचा दर सगळ्यांना सारखा असतो आणि तो जाहीर असतो. विकणाऱ्याचा दर मात्र बहुतेक वेळा बोलून ठरतो, आणि तिथे माणूस पाहून भाव असतो.

जगात मोठी चित्रं फार थोडी आणि ती मिळवण्यासाठी झटणारी लिलावगृहं मुख्यतः दोन. एखाद्या बड्या संग्राहकाच्या वारसांकडे ख्रिस्तीज आणि सदबीज दोघांचीही माणसं प्रस्ताव घेऊन जातात. आधी कमिशन शून्यावर येतं. मग विमा, वाहतूक, फोटो, कॅटलॉग हे खर्च लिलावगृह उचलतं. तेवढ्याने भागलं नाही तर खरेदीदाराकडून येणाऱ्या प्रीमियममधला वाटा विकणाऱ्याला देऊ केला जातो. याला धंद्यात ‘एनहान्स्ड हॅमर’ म्हणतात. समजा बोली १० कोटी डॉलरवर थांबली आणि करार १०४ टक्क्यांचा असेल, तर मालकाला १० कोटी ४० लाख मिळतात. बोलीपेक्षा जास्त मिळतात म्हटलं ते असं.

आता लहान माणसाचा हिशेब पाहा. १०,००० डॉलरला हातोडा पडलेलं एक चित्र घ्या. २७ टक्के धरून खरेदीदार देतो १२,७००. विकणाऱ्याचं कमिशन समजा १० टक्के ठरलं, तर त्याला मिळतात ९,०००. मधले ३,७०० लिलावगृहाचे. खरेदीदाराने मोजलेल्या प्रत्येक शंभरातले २९ मध्येच राहिले. त्यातून विमा आणि फोटोचा खर्च विकणाऱ्याच्या माथी असेल तर आणखी गळती.

दुसऱ्या टोकाला गुस्टाव्ह क्लिम्टचं ‘एलिझाबेथ लेडरर’ हे व्यक्तिचित्र. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजने ते विकलं. हातोडा २० कोटी ५० लाख डॉलरवर पडला आणि जाहीर झालेली किंमत होती २३ कोटी ६४ लाख. वरच्याच दरांनी प्रीमियम मांडला तर तो ३ कोटी १४ लाख येतो, म्हणजे खरेदीदाराच्या शंभरातले सुमारे १३. आणि एवढ्या मोठ्या विक्रीत त्यातलाही वाटा मालकाकडे वळण्याची शक्यता असते. भार सर्वांत जास्त सर्वांत लहान विकणाऱ्यावर पडतो. लहान चित्राचा कॅटलॉग, फोटो, तपासणी यांना जवळजवळ तेवढेच श्रम लागतात हे लिलावगृहाचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. तरी सूट कुणाला मिळते आणि तिची भरपाई कुठून होते, हे लहान विकणाऱ्याला माहीत असायला हवं.

ही स्पर्धा लिलावगृहांनाही महागात पडते. ती टाळायला दोघांनी एकदा चक्क गुन्हा केला. मार्च १९९५ मध्ये ख्रिस्तीजने जाहीर केलं की विकणाऱ्याचं कमिशन आता ठरलेल्या तक्त्याप्रमाणेच घेणार, त्यात घासाघीस नाही. महिन्याभरात सदबीजनेही तसंच केलं. दोघांचं आधी संगनमत झालेलं होतं. २००० मध्ये प्रकरण फुटलं. ख्रिस्तीजने कागदपत्रं तपासयंत्रणेला देऊन स्वतःची सुटका करून घेतली. सदबीजच्या प्रमुख डायना ब्रूक्स यांनी गुन्हा कबूल केला, आणि अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन यांना एक वर्ष एक दिवसाची कैद व ७५ लाख डॉलर दंड झाला. ग्राहकांच्या दिवाणी दाव्यात दोन्ही लिलावगृहांनी मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. टॉबमन हे नाव लक्षात ठेवा, पुढे हमीच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

सदबीजने २०२४ मध्ये, या वेळी एकट्याने आणि उघडपणे, पुन्हा तसा प्रयत्न केला. मे महिन्यापासून खरेदीदाराचा प्रीमियम कमी केला: ६० लाख डॉलरपर्यंत २० टक्के, पुढे १०. विकणाऱ्याला मात्र चित्राच्या पहिल्या पाच लाख डॉलरवर १० टक्के लावले. बोली वरच्या अंदाजाच्या पलीकडे गेली तर आणखी २ टक्के, आणि हमी घेतली असेल तर ४ टक्के वेगळे. तक्ता वाचायला सोपा आणि जाहीर होता. मला तो मनापासून आवडला होता. पण मोठ्या मालकांना घासाघीस हवी होती आणि समोर ती करायला तयार असलेला प्रतिस्पर्धी होता. वर्ष व्हायच्या आत सदबीजने तो तक्ता मागे घेतला, आणि वर दिलेले २७-२२-१५ हे दर आले ते त्यानंतर.

अंदाज, राखीव किंमत आणि झुंबर

हमीकडे जाण्याआधी दोन शब्द. कॅटलॉगमध्ये चित्राखाली ‘इतके ते इतके’ असा अंदाज छापलेला असतो. त्याशिवाय एक आकडा गुप्त असतो, तो म्हणजे रिझर्व, राखीव किंमत. बोली त्याच्या खाली राहिली तर चित्र विकलं जात नाही. रिझर्व हा खालच्या अंदाजापेक्षा जास्त ठेवता येत नाही, असा मोठ्या लिलावगृहांचा नियम आहे.

रिझर्वपर्यंत पोचण्यासाठी लिलावकर्ता विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली पुकारू शकतो. हॉलमध्ये कुणी हात वर केलेला नसतो, तो झुंबराकडे किंवा मागच्या भिंतीकडे बघून आकडा वाढवतो. हे अटींमध्ये लिहिलेलं असतं आणि ते कायदेशीर आहे. रिझर्व ओलांडल्यावर मात्र त्याला असं करता येत नाही.

आणखी एक घोळ इथेच होतो. छापलेला अंदाज प्रीमियमशिवाय असतो आणि जाहीर होणारी किंमत प्रीमियमसह. मे २०१८ मध्ये सदबीजने मोदिल्यानीचं एक पहुडलेलं नग्नचित्र विकायला काढलं. अंदाज होता १५ कोटी डॉलरच्या वर. किंमत जाहीर झाली १५ कोटी ७२ लाख, म्हणजे अंदाज पार झाल्यासारखं वाटलं. हातोडा पडला होता १३ कोटी ९० लाखांवर, अंदाजापेक्षा एक कोटी दहा लाख खाली. या चित्राला हमी होती आणि त्यामागे बाहेरच्या माणसाने आधीच लेखी दिलेली बोलीही होती.

हमी कशासाठी

मालकाला सर्वांत मोठी भीती असते ती चित्र न विकलं जाण्याची. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सदबीजने जाकोमेत्तीचं एक शिल्प मांडलं, भावाचं, दिएगोचं डोकं. अंदाज ७ कोटी डॉलरच्या वर, हमी नव्हती. बोली ६ कोटी ४२.५ लाखांवर थांबली आणि शिल्प परत गेलं. भर हॉलमध्ये जे विकलं गेलं नाही त्याच्याकडे पुढची काही वर्षं गिऱ्हाईक संशयाने बघतं. धंद्यात अशा मालाला ‘जळलेला’ म्हणतात.

हमी ही भीती काढून घेते. लिलावगृह मालकाला लिहून देतं: लिलावात काहीही होवो, तुम्हाला किमान एवढे मिळणारच. मृत्यूनंतर वारसांना कर भरायचा असेल, घटस्फोटात वाटणी करायची असेल, तर असं लिखित आश्वासन फार मोलाचं असतं. बदल्यात मालक वरच्या नफ्यातला हिस्सा सोडतो. समजा ५ कोटी डॉलरची हमी आहे आणि ५ कोटींच्या वरच्या रकमेचे ७०-३० असे वाटे ठरलेत. हातोडा ८ कोटींवर पडला, तर वरच्या ३ कोटींपैकी मालकाला २ कोटी १० लाख आणि हमी देणाऱ्याला ९० लाख. हातोडा ४ कोटींवरच थांबला, तर मालकाला ५ कोटी मिळतात आणि एक कोटीचा खड्डा लिलावगृहाने भरायचा. बोलीच आली नाही, तर चित्र लिलावगृहाच्या गळ्यात.

तसे खड्डे पडलेही आहेत. २००८ च्या तेजीत दोन्ही घरांनी सढळ हाताने हमी दिल्या. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, शरद ऋतूतल्या लिलावांत खरेदीदार गायब झाले आणि हमीची चित्रं लिलावगृहांच्या गोदामात येऊन पडली. मग काही काळ हमी देणं त्यांनी जवळपास थांबवलं.

आणि टॉबमन. तुरुंगातून सुटल्यावरही त्यांच्याकडे मोठा संग्रह होता. २०१५ मध्ये ते वारले, तेव्हा तो संग्रह ख्रिस्तीजकडे जाऊ नये म्हणून सदबीजने वारसांना सुमारे ५० कोटी डॉलरची हमी दिली. नोव्हेंबरमधल्या पहिल्या रात्री प्रीमियमसह ३७ कोटी ७० लाख जमले, पण सगळ्या विक्रीचा हिशेब झाला तरी हमीचा आकडा भरून निघाला नाही. सदबीज तेव्हा शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती, म्हणून हा तोटा जगाला कळला. २०१९ मध्ये पॅट्रिक द्राही यांनी ती विकत घेऊन खासगी केली. ख्रिस्तीज १९९८ पासून फ्रांस्वा पिनो यांच्याकडे, तीही खासगीच. हमीत कुणी किती गमावलं हे आता तिमाही अहवाल वाचून समजत नाही.

तिसरा माणूस

तोटे खाऊन झाल्यावर लिलावगृहांनी धोका दुसऱ्यावर ढकलायला सुरुवात केली. आज बहुतेक मोठ्या हमींच्या मागे बाहेरचा एखादा धनिक असतो. लिलावाच्या आधीच तो लिहून देतो की हे चित्र मी अमुक किमतीला घ्यायला बांधील आहे. त्याच्यापेक्षा वरची बोली आली तर चित्र दुसऱ्याचं आणि याला वरच्या नफ्यात वाटा किंवा ठरलेलं शुल्क. बोली आली नाही तर चित्र याचं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ख्रिस्तीजने न्यूयॉर्कमध्ये विकलेलं लिओनार्दोचं ‘साल्वातोर मुंडी’ असंच तिसऱ्याच्या हमीवर मांडलं होतं. अंदाज सुमारे १० कोटी डॉलर. हातोडा पडला ४० कोटींवर, प्रीमियम ५ कोटी ३ लाख. हमीदाराला चित्र मिळालं नाही, पण हमी आणि हातोडा यांच्यामधला एवढा मोठा फरक पाहता, असा करार करायला श्रीमंत माणसं का पुढे येतात ते लगेच समजतं.

आक्षेपाची जागा इथे आहे. हा हमीदार हॉलमध्ये बसून स्वतःही बोली वाढवू शकतो. चित्र त्यालाच मिळालं तर काही करारांत त्याचं शुल्क किमतीतून वजा होतं. म्हणजे त्याला आणि शेजारच्या बोलीदाराला तोच आकडा ऐकू येतो, पण दोघांना मोजावे लागणारे पैसे वेगळे. हमीची रक्कम किती आणि वाटे कसे, हे हमीदाराला ठाऊक असतं, शेजारच्याला नाही. अशा चित्राची किंमत खुल्या स्पर्धेतून ठरली असं मला म्हणवत नाही. आणि जिथे हमीदाराच्या लेखी बोलीशिवाय दुसरी बोलीच येत नाही, तिथे लिलावाच्या आधी झालेला खासगी सौदाच हॉलमध्ये जाहीर केला जातो.

म्हणून कॅटलॉग वाचताना लॉट नंबरशेजारची बारीक चिन्हं बघावीत. ख्रिस्तीजकडे लहान वर्तुळ म्हणजे लिलावगृहाची हमी, सोबत पत्त्यांतल्यासारखी चौकट (♦) असली तर तिसऱ्याची. सदबीजकडेही हमीला आणि आधीच दिलेल्या बोलीला वेगवेगळी चिन्हं आहेत. अर्थ मागच्या पानांवर दिलेला असतो. हमीची रक्कम आणि हमीदाराचं नाव मात्र कुठेच नसतं. न्यूयॉर्क शहरात हमी जाहीर करण्याची सक्ती होती, ती २०२२ मध्ये लिलावाच्या इतर जुन्या नियमांबरोबर रद्द झाली. दोन्ही घरं चिन्हं छापतात ती आता स्वतःच्या मर्जीने. मला ही सक्ती परत यावी असं वाटतं, आणि रकमेसकट यावी.

घरातलं चित्र विकताना

मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक इथल्या कितीतरी घरांत जे. जे. स्कूलमधून शिकलेल्या चित्रकारांचं काम भिंतीवर किंवा माळ्यावर आहे. अशा घरासाठी कुणी हमी घेऊन दारात येणार नाही, ती बड्यांची सोय. पण कराराचा कागद समोर येतो तेव्हा काही गोष्टी बोलून घेता येतात, आणि घासाघीस करायला लाजायचं कारण नाही. बडे मालक तेच करतात.

कमिशन कशावर, फक्त हातोड्याच्या रकमेवर ना, हे विचारा. विमा, फोटो, फ्रेम, वाहतूक यांतलं काय वजा होणार ते आकड्यांत लिहून घ्या. रिझर्व किती आणि तो लिलावाच्या दिवशी तुम्हाला न विचारता खाली आणता येईल का, हे तपासा. अंदाज मुद्दाम कमी ठेवला की बोलीदार जमतात हे खरं आहे. हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’चा अंदाज २५ ते ३५ लाख डॉलर होता आणि मार्च २०२५ मध्ये ख्रिस्तीजकडे ते प्रीमियमसह १ कोटी ३७.५ लाखांना गेलं. पण ते हुसेन होते. कमी ओळखीच्या चित्रकाराबाबतीत खालचा अंदाज म्हणजे तुमचा रिझर्वही खाली, कारण तो अंदाजाच्या वर जाऊ शकत नाही. चित्र विकलं गेलं नाही तर ते परत आणायचा खर्च कुणाचा, आणि मध्येच मागे घेतलं तर दंड किती, हेही त्याच कागदावर असतं.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात: खरेदीदाराने पैसेच भरले नाहीत तर? हमी नसेल तर सर्वसाधारणपणे पैसे हाती आल्यावरच लिलावगृह तुम्हाला देतं, तेही विक्रीनंतर महिना-सव्वा महिन्याने. पैसे आलेच नाहीत तर विक्री रद्द करायची, पुन्हा लिलावात घालायचं की खरेदीदारावर दावा लावायचा, हे ठरवायचा अधिकार करारात कुणाकडे ठेवलाय ते सही करण्याआधी वाचा.